ठिबक, टाकी आणि वैशंपायन

हॉलंडमध्ये काय काय पाहिलं, असं भोसरीत मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. पवनचक्क्या पाहिल्या का, फुलांची शेतं पाहिली का. मी म्हणतो, नाही पाहिली. तीन महिन्यांसाठी गेलो होतो, कोरोनामुळे नऊ महिने अडकलो. त्यातले बरेचसे दिवस अ‍ॅमस्टेलव्हीनच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. समोर कालवा होता, त्यात बदकं होती. आणि शेजारच्या दारात वैशंपायन होता. बदकांचं मला फार काही आठवत नाही.

माझी बायको सुमन जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मुलगा म्हणाला, आप्पा, इकडे या, हवापालट होईल. मी फेब्रुवारीत पोचलो आणि महिन्याभरात सगळ्या जगाचीच हवा पालटली.

मार्चमध्ये सगळे घरी बसले त्याच आठवड्यातली गोष्ट. मुलगा आणि सूनबाई आपापल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर. मी गॅलरीत आलो तर शेजारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पांढरा लोट बाहेर पडत होता. थोडाथोडका नाही, डांबराच्या भट्टीतून निघावा एवढा. मी आत गेलो, फरशी पुसायची बादली नळाखाली भरली आणि शेजारचं दार बडवलं. दार उघडलं एका उंच, वाळक्या माणसाने. वय सत्तावन-अठ्ठावन. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लेंगा, कानात मीटिंगचं यंत्र. त्याने मला एक बोट दाखवलं, म्हणजे थांबा. इंग्रजीतलं वाक्य पुरं केलं, कानातलं यंत्र बंद केलं आणि मग शुद्ध पेठेतल्या मराठीत म्हणाला, "आग नाही. आणि तांत्रिकदृष्ट्या हा धूरही नाही. धूर जळण्यातून होतो. इथे काही जळत नाही. ही वाफ आहे."

मी म्हणलं, "वाफ आहे तर कुकर कुठाय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. "आपण मराठी आहात हे बादलीवरून ओळखलं," म्हणाला. "इथले लोक आधी फोन करतात."

एवढं बोलून त्याने हातातली डबी तोंडाला लावली, बारीक खरखर झाली, आणि त्याचं डोकं ढगात गेलं. ढगाला कस्टर्डचा वास होता. मी बादली घेऊन परत आलो.

समोरासमोर मी त्याला अहो-जाहो करायचो. लिहिताना तो लिहितोय, कारण माझ्या मनात तो पहिल्या दिवसापासून तोच होता.

बँकांसाठी कसलंसं सॉफ्टवेअर लिहायच्या कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता. त्याचं नाव तिथल्या कोणाला उच्चारता यायचं नाही. ऑफिसात त्याला वाय म्हणायचे, डॉक्टरांकडे फाय म्हणायचे. तो दर वेळी दुरुस्त करायचा, सावकाश, अक्षर फोडून, जसं काही आज समोरच्याला जमेलच. मी म्हणलं, कशाला तोंड दुखवून घेता. तर म्हणाला, "चुकीचं नाव चालवून घेतलं की उद्या चुकीचा माणूस चालवून घ्यावा लागतो." असली वाक्यं त्याच्याकडे भरपूर. सगळ्यात लाडकं म्हणजे "व्याख्या आधी, वापर नंतर". घरात नवा मिक्सर आला तर तीन दिवस त्याचं पुस्तक वाचायचा आणि तोवर चटणी नाही.

दीड मीटर अंतर ठेवा असा हुकूम निघाला तेव्हा अख्ख्या इमारतीत एकट्याने टेप लावून अंतर मोजलं ते याने. गॅलरीच्या फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली. पट्टीच्या अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे त्याची. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी ऑफिस संपल्यावर तो येऊन बसायचा. खालच्या मजल्यावरची डच म्हातारी कालव्याकडे जाताना वर बघून हसायची आणि नाकाने हुंगून "लेकर, लेकर" म्हणायची. मला वाटायचं, काय माया आहे बाईला, याला लेकरा म्हणते. पुढे कळलं की लेकर म्हणजे त्यांच्यात चविष्ट. कस्टर्डच्या वासाला म्हणत होती.

पस्तीस वर्षं सिगारेट ओढून तीन वर्षांपूर्वी तो या वाफेवर, म्हणजे ई-सिगारेटवर आला होता. दुकानात तयार मिळतात ती यंत्रं त्याला चालायची नाहीत. बंद डबी, आत काय आहे कळत नाही, जळली की फेकून द्या. याला उघडून परत बांधता येणारं लागायचं. त्याला इंग्रजीत रिबिल्डेबल ॲटोमायझर म्हणतात. पण दिवसभर इंग्रजी बोलून जीभ आंबते म्हणून घरात त्याने सगळ्याची मराठी नावं केली होती. पहिल्याच दिवशी एक चकचकीत टोपण माझ्यासमोर धरून म्हणाला, "हा पुनर्रचनीय ठिबक तुषारक."

मी म्हणलं, "ठिबक आणि तुषार दोन्ही एकात? आमच्या भावाने शेतीच्या अनुदानाला अर्ज केला तेव्हा साहेब म्हणाला होता, दोन्हीपैकी एकच मिळेल."

त्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर हसला नाही. वही काढून लिहून घेतलं.

मग त्याने मला शिकवलं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण माझ्या सातवीच्या मास्तरांनी जेवढं मन लावून शिकवलं नाही तेवढं याने शिकवलं. खाली बॅटरीचा डबा, तो सगळ्यांना सारखाच. वर जे बसतं तो ॲटोमायझर, तिथे बाटलीतल्या निकोटिनच्या रसाची वाफ होते. पहिला प्रकार आरडीए. टोपणाएवढी बैठक, तिच्यावर दोन खांब, खांबात आवळलेली तारेची कॉइल आणि कॉइलमधून ओवलेला कापूस. टाकी नाही. चार झुरके झाले की वरून चार थेंब टाकायचे. विसरलात तर कापूस करपतो. दुसरा आरटीए. बैठक तीच, कॉइल तीच, पण भोवती काचेची टाकी. कापसाचे दोन पाय बैठकीतल्या भोकांवर टेकवायचे, म्हणजे रस आपोआप येतो. कापूस कोंबला तर रस अडतो, कमी घातला तर सगळं खालून गळतं. तिसरा आरडीटीए. त्याची बैठक वर, टाकी खाली, आणि कापसाच्या शेपट्या रसात सोडलेल्या.

अर्धा तास बोलल्यावर म्हणाला, "काही शंका?"

मी म्हणलं, "शंका कसली. पहिली पणती, मधला वातीचा स्टोव्ह, शेवटचा कंदील."

"आप्पा, तुलना म्हणजे व्याख्या नव्हे."

"बरं."

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलाशी बोलताना मी त्याला ऐकलं, सांगत होता, आज पणती वापरतोय, स्टोव्ह गळतोय.

असे सात नग त्याच्याकडे होते आणि ते ठेवलेले होते मिसळणाच्या डब्यात. त्याच्या बायकोच्या, मंगलाताईंच्या. स्टीलचा गोल डबा, आत सात वाट्या. मोहरीच्या वाटीत पणती, हळदीच्या वाटीत स्टोव्ह, हिंगाच्या वाटीत स्क्रू. मंगलाताई जानेवारीत मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. त्या तिकडे आणि डबा इकडे असं झालं. मी विचारलं, हळद-मोहरी कुठाय मग? तर म्हणाला, मूळ पाकिटात. मूळ पाकिटात ती अधिक शास्त्रीय राहते.

आता माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी चाळीस वर्षं मोटर वाइंडिंग केलं. जळलेल्या मोटरी लोक आणून टाकायचे, मी त्यांची तार काढून नवी भरायचो. त्यामुळे वैशंपायनची कॉइल मी जेव्हा पाहिली तेव्हा मला बघवेना. वेढे कुठे लांब, कुठे जवळ, एक पाय ताठ, एक लुळा. बटण दाबलं की कडेचा वेढा लाल व्हायचा आणि मधले नुसते बघत बसायचे. त्यावर त्याने कॉम्प्युटरवर भलामोठा तक्ता केला होता. तारेची जाडी, वेढे, ओहम, वाफेचा दर्जा दहापैकी. दर्जा चारच्या वर जात नव्हता.

मी म्हणलं, "तक्ता राहू द्या. तार द्या आणि तीन मिलीमीटरचं ड्रिल बिट द्या."

त्याने दोन्ही पट्टीवर ठेवलं आणि मागे सरकला. मी औषधाच्या पाण्याने पुसून घेतलं, बिटवर तार ओढून सहा वेढे मारले, अंगाला अंग लावून, दोन्ही पाय समान ताणात. मिनिटभर लागलं असेल. त्याने बसवली, बटण दाबलं. कॉइल मधोमध लाल झाली आणि लाली सारखी कडेला पसरत गेली. मीटर पाहून म्हणाला, "हवं होतं तेवढंच. एका शतांशाचा फरक नाही." संध्याकाळी तक्त्यात नवा रकाना निघाला, आप्पा-कॉइल. दर्जा नऊ. दहा का नाही विचारलं तर म्हणाला, दहा दिल्यावर माणूस सुधारत नाही.

त्या आनंदात त्याने डबी माझ्यापुढे केली. "घ्या एक झुरका."

मी म्हणलं, "उष्टं?"

तो गडबडला. कोरोनात उष्टं विचारणारा माणूस बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी. तोंडाकडची नळी बदलून देतो म्हणाला.

"नको. मी बिडी ओढायचो. सोडली."

"कधी?"

"बायको गेल्यावर. तेराव्यानंतर."

"का बरं?"

"ती सोडा म्हणायची म्हणून."

"मग ती असताना का—"

वाक्य तिथेच राहिलं. वैशंपायनने अर्धं सोडलेलं वाक्य मी तेवढंच ऐकलं.

मंगलाताईंचा फोन रोज दुपारी यायचा, चित्रासकट. तो गॅलरीत बसून बोलायचा, कारण आतल्यापेक्षा इथे उजेड बरा. तसा फोन आला की डबा माझ्या खुर्चीखाली सरकवायचा. पट्टी ओलांडून डबा आला तरी चालायचा, माणूस नाही. एप्रिलमधल्या एका दुपारी त्या म्हणाल्या, आज बोलत बोलत आमटी करा, मला बघू दे जेवता की नाही. हा फोन घेऊन आत गेला. मी बाहेरून ऐकत होतो.

"हळद पाकिटातनं का घालताय?"

"मूळ पाकिटात ती—"

"डबा कुठाय?"

"आहे."

"आहे तर दाखवा."

मला हाक आली. फोन माझ्यासमोर धरलेला, त्यात एक गोरी, चष्म्यातली बाई, मांडीवर नातू.

"आप्पा, तुम्हाला मी ओळखत नाही, पण यांच्यापेक्षा तुम्ही खरं बोलाल असं वाटतं. हे अजून ओढतात का?"

मी म्हणलं, "ओढतात. पण कॉइल माझ्या हातची असते."

का बोललो कोण जाणे. त्याची बाजू घ्यायला गेलो असेन. वैशंपायनने डोळे मिटले.

मंगलाताई चिडल्या नाहीत, ते जास्त वाईट झालं. म्हणाल्या, "ऐका. डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय ते तुम्हालाही माहितीये, मलाही. त्या छातीच्या फोटोनंतर मी घरी येऊन रात्रभर जागी होते, तुम्ही तेव्हा टाकी धूत होतात. इथे सरकारने या यंत्रांना बंदी घातलीये. तिथे मी घालतेय. मी येईन तेव्हा घरात एकही नग दिसता कामा नये आणि तोंडातून वाफ दिसता कामा नये. दिसली तर मी पुढच्या विमानाने लेकीकडे परत. कायमची. मी हे दोनदा सांगणार नाहीये."

हे त्या बोलल्या आणि नातवाला ढेकर काढायला खांद्यावर घेतला.

तर झालं ते असं. त्यांच्या विमानाची तारीख ठरली मे महिन्याची. वैशंपायनने तक्ता केला. रसात निकोटिन किती असतं ते बाटलीवर लिहिलेलं असतं. बारावरून सहा, सहावरून तीन, तीनवरून शून्य, आणि शून्यानंतर दोन दिवसांनी मंगलाताई. खरोखर तीनवर आला. चिडचिडा झाला, नगरपालिकेच्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून त्यांना परत पाठवल्या, तेही डच भाषेतल्या. पण आला. आणि विमान रद्द झालं.

तो गॅलरीत येऊन म्हणाला, "आप्पा, रद्द." चेहरा एवढासा. मी उठून उभा राहिलो. तेवढ्यात पाहिलं तर त्याच्या डाव्या हातात बारा नंबरची बाटली होती. संध्याकाळी ढग कालव्यापर्यंत गेला.

जूनमध्ये त्याचा कापूस संपला. साधा कापूस त्याला चालायचा नाही, जपानचा लागायचा, आणि ते पार्सल कुठल्या तरी बंदरात पडून होतं. दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी पट्टीपलीकडे उभा राहून म्हणाला, "आप्पा, तुमच्या सूनबाई संध्याकाळी दिवा लावतात. त्या वाती कसल्या?"

त्या वाती सुमनच्या होत्या. ती जाण्याआधी वर्षभर दुपारी बसून वाती वळायची, लाख वातींचा नेम होता. लाख झाल्या नाहीत. घरी देवाला ठेवून उरलेल्यांतलं एक पुडकं मी मुलाच्या देव्हाऱ्यासाठी नेलं होतं. द्यायचं मनात नव्हतं. पण तो मागणारा माणूस नव्हता आणि मागत होता. मी पाच फुलवाती काढून दिल्या.

त्याने एक पणतीत बसवली, थेंब टाकले, ओढली आणि खोकत सुटला. ढग माझ्या अंगावर आला. कस्टर्डच्या आडून उतू गेलेल्या दुधाचा वास होता. फुलवातीला टोक काढताना बोट दुधात बुडवतात, ते वाळलेलं दूध जळत होतं.

वैशंपायन डोळे पुसत म्हणाला, "यात दुग्धशर्करा आहे. ती करपते. पण पहिल्या अर्ध्या झुरक्याला खरवसाची चव होती, आप्पा. कोणी केल्यात या?"

मी सांगितलं.

तो आत गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला तो आंघोळ केल्यासारखे हात धुऊन. कागदाच्या पुडीत उरलेल्या चार वाती बांधलेल्या. पट्टीवर पुडी ठेवली आणि म्हणाला, "या जिथल्या तिथे राहू द्या. माझ्या हातून चूक झाली." मग आठवडाभर दुकानातला साधा कापूस घालून ओढला. गवत जाळल्यासारखा वास यायचा. तक्रार केली नाही.

जुलैत विमानाची दुसरी तारीख आली. पुन्हा बारा, सहा, तीन. पुन्हा रद्द. तो बाहेर आला, तोच चेहरा, "आप्पा, रद्द." आणि खाली बसून डबा उघडून आरटीएची टाकी फिरवायला लागला.

मी तसा दुसऱ्याच्या घरात बोलणारा माणूस नाही. पण ते मला सहन झालं नाही.

"वैशंपायन," मी म्हणलं, "तोंडावर दुःख आणि हातात स्क्रू ड्रायव्हर. दोन्हीपैकी एक खाली ठेवा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला बरं वाटतंय. विमान रद्द झालं की तुम्हाला बरं वाटतं. मेमध्ये पण वाटलं, मी पाहिलं. तुमची बायको यायचं म्हणतेय आणि तुम्ही विमान कंपनीच्या आशीर्वादावर जगताय. माझीचं विमान कुठल्याच पाटीवर लागत नाही. लागलं असतं तर मी काय काय सोडलं असतं त्याचा तक्ता तुम्हाला पुरला नसता."

गॅलरीत मोठ्याने बोललं की हॉलंडमध्ये खिडक्या बंद होतात. दोन खिडक्या बंद झाल्या.

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाला, "मला सोडायचंच आहे, आप्पा. पण एकोणिसाव्या वर्षापासून माझ्या हातात काही ना काही आहे. सोडलेला मी कसा असतो हे मी कधी पाहिलेलं नाही. मंगलानेही नाही. तिला तो आवडला नाही तर?"

मला वाटलं, तांत्रिकदृष्ट्या तरी म्हणेल. तेही म्हणाला नाही.

नंतर चार दिवस खुर्ची रिकामी. पाचव्या दिवशी बसला आणि म्हणाला, "जळलेली मोटर तुम्ही कशी भरता? क्रमाने सांगा."

"आधी जुनी तार छिन्नीने कापायची. सगळी. खाचे साफ करायचे. मग नवी."

"थोडी जुनी ठेवून वरून नवी?"

"तसं करणारे आहेत. त्यांच्याकडे मोटर दर महिन्याला परत येते."

त्याने वही काढली नाही. तक्ता मात्र त्याच संध्याकाळी बंद केला. ऑगस्टच्या अखेरीस एका शनिवारी आम्ही दोघं सुपरमार्केटला गेलो, तो पुढे, मी दीड मीटर मागे, त्याच्या हातात मिसळणाचा डबा. दुकानाच्या दाराशी जुन्या बॅटऱ्या आणि बारकी यंत्रं टाकायचा खोका असतो. बॅटऱ्या वेगळ्या, यंत्रं वेगळी. त्याचा हात काही होईना, म्हणून डबा माझ्याकडे दिला. मी एक एक नग टाकत गेलो आणि तो बाजूला उभा राहून प्रत्येकाचं पूर्ण नाव घेत होता. पुनर्रचनीय ठिबक तुषारक. पुनर्रचनीय टाकी तुषारक. मागे एक डच बाई तिचा जुना टूथब्रश घेऊन थांबलेली. तिने बिचारीने मान खाली घातली. तिला वाटलं असेल यांच्यात असंच करतात.

शेवटच्या नगात माझी कॉइल होती. मी म्हणलं, काढून ठेवू? म्हणाला, "नको. सगळी तार म्हणालात ना."

सप्टेंबरमध्ये तिसरी तारीख रद्द झाली. मी दाराकडे बघत बसलो. तो बाहेर आला, बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "रद्द," म्हणाला. चेहऱ्यावर राग होता. कंपनीला, पुण्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या, त्याही व्याकरणशुद्ध. मला फार बरं वाटलं. त्या दिवसांत तो बडीशेपेचे बकाणे भरायचा, पेन्सिलीला सुतळीचे वेढे घालायचा, आणि मिसळणाचा डबा त्याने लिंबाने, चिंचेने, राखेसारख्या कसल्याशा पावडरीने घासला तरी मोहरीला कस्टर्डचा वास यायचाच. मला विचारायचा, येतो का हो अजून? मी म्हणायचो, येतो.

मंगलाताई ऑक्टोबरच्या शेवटी आल्या. दोन दिवसांनी माझं परतीचं विमान होतं, म्हणून हे मला बघायला मिळालं. सकाळची वेळ, नऊला अजून कमी होते. मी स्वेटरवर शाल गुंडाळून बाहेर आलो तर वैशंपायन कठड्याला टेकून उभा, इस्त्रीचा शर्ट, आज पॅन्टही होती. स्वेटर नाही. म्हणलं, घाला काहीतरी. म्हणाला, ती खिसे बघेल, जेवढे कमी तेवढं बरं.

खाली टॅक्सी थांबली. मंगलाताई उतरल्या, तोंडावर मास्क, दोन मोठ्या बॅगा. त्यांनी वर पाहिलं. हा कठड्यावर वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "मंगल."

त्या हाकेबरोबर त्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली. चांगली हातभर.

थंडीच तेवढी होती. पण चार मजले खालून, नऊ महिन्यांनी वर बघणाऱ्या बाईला ते कसं कळावं. त्या होत्या तिथे थांबल्या. टॅक्सीतून काढलेली बॅग हातातून सोडली नाही.

"काय होतं ते?" खालून आवाज आला.

वैशंपायनने दोन्ही हात वर केले. पोलिसांनी पकडल्यासारखे, बोटं पसरून. "काही नाही. थंडी आहे. ही वाफ तांत्रिकदृष्ट्या—" आणि जसजसं समजावून सांगायला लागला तसतशी वाफ वाढली. उच्छ्वास म्हणाला तेव्हा ढग, संघनन म्हणाला तेव्हा ढग. मी त्याला म्हणणार होतो, गप्प बसा, गप्प बसलात तर वाचाल. पण याला गप्प बसवणारं यंत्र आम्ही खोक्यात टाकून आलो होतो.

मंगलाताईंनी टॅक्सीवाल्याकडे पाहिलं. तो काचेवर हात घासत होता. मग त्यांनी बॅग खाली ठेवली, मास्क हनुवटीवर ओढला आणि फुंकर मारली. त्यांच्या तोंडातूनही वाफ निघाली. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. खात्रीसाठी परत एकदा मारली.

"खाली या," म्हणाल्या. "बॅगा जड आहेत."

तो लिफ्टला थांबला नाही. चपलांचा आवाज जिन्यात चारही मजले ऐकू आला. मी कठड्याशी गेलो, पट्टीच्या पलीकडे, पहिल्यांदाच. चौथ्या मजल्यावरून त्यांचे चेहरे नीट दिसत नव्हते. नुसत्या दोन वाफा दिसत होत्या, दीड मीटर सोडून. एक सारखी बोलत होती आणि दुसरी मधून मधून.